खोटं बोलू नये, हे कुणाला ठाऊक नसतं? मग शाळा-कॉलेजात नीतीचा तास घेऊन वागणं बदलतं का?

(दृश्य : शाळेचा वर्ग. बाकावर उत्तरपत्रिका, शेजारी पेन्सिल.)

1920 चं दशक, अमेरिका. वर्गात चाचणी झाली, उत्तरपत्रिका गोळा झाल्या. काही वेळानं त्याच उत्तरपत्रिका मुलांच्या हातात परत आल्या. सोबत बरोबर उत्तरांची यादी आणि एक सूचना : आपला पेपर आपणच तपासा. पेन्सिल हातात आहे, उत्तरं समोर आहेत, लक्ष ठेवायला कुणी नाही. एक आकडा खोडून दुसरा लिहायला असा कितीसा वेळ लागतो?

मधल्या वेळात प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल करून ठेवली होती, हे मुलांना माहीत नव्हतं. कुणी काय बदललं, ते नंतर ओळ न् ओळ ताडून पाहता येणार होतं.

ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोन संशोधकांनी अशा कितीतरी युक्त्या योजून जवळपास 11 हजार मुलांची पारख केली. त्यांचे निष्कर्ष 1928 ते 1930 या काळात तीन खंडांत आले. प्रामाणिक मुलं एका रांगेत आणि लबाड मुलं दुसऱ्या रांगेत, अशी विभागणी काही होईना. पेपरात फसवणारं मूल पैशाला हात लावत नसे. वर्गात सचोटीनं वागणारं मूल घरी करायच्या अभ्यासात खुशाल थाप मारी. प्रसंग बदलला की वागणं बदलायचं. फसवणूक वाईट, हे ज्यांना नीट सांगता येत होतं, तीही या मोहातून सुटली नव्हती. आणखी एक गोष्ट दिसली : एकाच वर्गातली मुलं बरीचशी एकमेकांसारखी वागत होती.

हे वाचून नीतीचे धडे लिहिणाऱ्यांची झोप उडायला हवी होती. तशी ती फारशी उडाली नाही. भिंतीवर सुविचार लागतच राहिले.

(दृश्य : घाईघाईनं चालणारी पावलं. बोळात भिंतीला टेकून बसलेला माणूस.)

आता मोठ्या विद्यार्थ्यांकडे जाऊ. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातले 40 विद्यार्थी. पुढे धर्मगुरू होणारी मंडळी. मानसशास्त्रज्ञ जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा हा प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायचं होतं. निम्म्यांचा विषय होता बायबलमधली ती गोष्ट, रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची. वाटेत एक माणूस मान खाली घालून, खोकत, कण्हत बसलेला. तो अर्थातच प्रयोगासाठी बसवलेला होता.

ज्यांना भरपूर वेळ होता, त्यांच्यापैकी 63 टक्के थांबले. ज्यांना ‘तुम्हाला उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं होतं, त्यांच्यापैकी 10 टक्के. भाषणाचा विषय कोणता, यानं म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे परोपकारावर बोलायला निघालेला माणूस परोपकाराची संधी ओलांडून पुढे जाऊ शकतो, कारण घड्याळ.

आणि शिकवणारे? तत्त्वज्ञ एरिक श्विट्झगेबेल यांनी ग्रंथालयांच्या नोंदी तपासल्या. नीतिशास्त्रातली जी आधुनिक, फारशी माहीत नसलेली पुस्तकं बहुधा प्राध्यापक आणि वरच्या वर्गातले विद्यार्थीच नेतात, ती तत्त्वज्ञानाच्या इतर पुस्तकांपेक्षा गहाळ होण्याचं प्रमाण सुमारे 50 टक्क्यांनी जास्त निघालं. हसू येतं खरं. पण गहाळ झालेलं पुस्तक चोरलेलंच असतं असं नाही, एवढा संशयाचा फायदा नीतिशास्त्राला देऊ या.

मग नीतीचे हे तास बंदच करावेत का? घाई नको. याच श्विट्झगेबेल यांनी सहकाऱ्यांबरोबर पुढे हजाराहून अधिक विद्यार्थ्यांवर दुसरा प्रयोग केला. काहींनी मांसाहाराच्या नैतिकतेवरचा लेख वाचून चर्चा केली, बाकीच्यांनी दानधर्मावर. नंतर विद्यापीठातल्या त्यांच्या खाण्याच्या खरेदीच्या नोंदी पाहिल्या. पहिल्या गटाची मांसाहारी खरेदी 52 टक्क्यांवरून 45 वर आली, दुसऱ्या गटाची होती तिथेच राहिली. एका चर्चेनं एवढा फरक पडणं ही थोडीथोडकी गोष्ट नाही. इथे विषय नेमका होता, आणि त्यावरची कृती रोज जेवणाच्या वेळी समोर येत होती.

(दृश्य : प्रगतिपुस्तक. एक रकाना मोकळा.)

आता गुणांचा प्रश्न. जपानमध्ये युद्धापूर्वीचा नीतीचा विषय 1945 साली थांबवला गेला, कारण त्याचा वापर सम्राटनिष्ठा आणि राष्ट्रवाद भिनवायला झाला होता. 1958 पासून आठवड्याला एक तास परत आला. 2018 साली प्राथमिक शाळेत आणि 2019 साली त्यापुढच्या वर्गांत तो पाठ्यपुस्तकासह रीतसर विषय झाला. पण आकडी गुण नाहीत, शिक्षक चार ओळी लिहितात. ही सावधगिरी रास्तच आहे. सचोटीला 10 पैकी 7 दिले, की मुलं गुण मिळवायचं शिकतात. आणि कुणाची मूल्यं शिकवायची, ही धास्ती तर कुठल्याच देशाला चुकलेली नाही.

(दृश्य : गोलाकार मांडलेल्या खुर्च्या. हात वर करणारी मुलं.)

मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग हे नैतिक पेचांच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध. बायकोचा जीव वाचवायला नवऱ्यानं औषध चोरावं का, हा त्यांचा प्रश्न जगभरच्या वर्गांत विचारला गेला. पण कल्पनेतल्या नवऱ्यावर वाद घालून पोट भरेना, हे त्यांनाही जाणवलं असावं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथे 1974 साली त्यांच्या सहभागानं एका सरकारी हायस्कूलच्या आत एक छोटी शाळा सुरू झाली. तिथले नियम सभेत ठरत. शिक्षकाला एक मत, विद्यार्थ्यालाही एकच.

तिथे एका मुलीच्या पर्समधून 9 डॉलर चोरीला गेले. कुणी कबूल होईना. एरवी अशा वेळी काय होतं? दप्तरं तपासतात, मुख्याध्यापकांचं भाषण होतं, दोन दिवसांत सगळे विसरतात. इथे सभा भरली. तिच्यात सूचना आली, की प्रत्येकानं 15 सेंट काढून त्या मुलीचे पैसे भरून द्यावेत, कारण आपल्यात चोरी होऊ शकते यात सगळ्यांचाच वाटा आहे. ‘मी घेतले नाहीत, मी का भरू?’ हा प्रश्न कुठल्याही मुलाच्या तोंडी येणारच. तो गैरही नाही. पण त्याचं उत्तर वरून आलं नाही, मुलांना आपापसांत बोलून, मत देऊन शोधावं लागलं. मला हा तास सुविचारांच्या अख्ख्या वर्षापेक्षा मोलाचा वाटतो.

कॉलेजांतल्या कॉपीवर डोनाल्ड मॅकेब आणि लिंडा ट्रेव्हिनो यांचा 1993 सालचा अभ्यासही याच वाटेनं जातो. विद्यार्थी कॉपी करेल का, यावर सर्वांत मोठा प्रभाव कशाचा? बरोबरचे काय करतात, याच्या त्याला झालेल्या समजुतीचा.

(दृश्य : लांब टेबल, मधोमध स्पीकरफोन.)

व्यावसायिक शिक्षणात नीतीचा विषय बहुतेक वेळा शेवटच्या सत्रात, पास होण्यापुरता उरकतात. पण एक प्रकरण इंजिनिअरिंगच्या वर्गात नीट हाताळलं, तर वर्ग जागा होतो.

27 जानेवारी 1986 ची रात्र. दुसऱ्या दिवशी नासाचं चॅलेंजर अवकाशयान उडणार होतं. अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे इंजिनिअर, त्यांत रॉजर बोइजोली, फोनवरच्या बैठकीत सांगत होते, की कडाक्याच्या थंडीत जोडांमधली रबरी कडी नीट बसणार नाहीत, उड्डाण नको. कंपनीनं आधी तसंच कळवलं. नासाची नाराजी दिसली. कंपनीच्या लोकांनी फोन बाजूला ठेवून आपसांत बोलायला वेळ मागितला. त्या चर्चेत एका वरिष्ठानं इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सुनावलं : इंजिनिअरची टोपी काढा, मॅनेजरची घाला. मत चार व्यवस्थापकांचं झालं, इंजिनिअरांना कुणी विचारलं नाही. फोन पुन्हा जोडला गेला, होकार कळवला. कुणाची हरकत आहे का, असंही विचारलं गेलं. कुणी बोललं नाही. सकाळी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले.

परीक्षेत यावर प्रश्न येतो : ‘बोइजोली यांची भूमिका योग्य होती का? सकारण लिहा.’ सगळे ‘योग्य’ लिहितात. त्यात शिकण्यासारखं काही उरत नाही.

त्यापेक्षा ती बैठक वर्गात उभी करा. एक जण मॅनेजर, तिघे इंजिनिअर, फोनच्या पलीकडे दोघे. ‘कुणाची हरकत आहे का?’ हा प्रश्न येतो, तेव्हा तोंडातून नेमकं कोणतं वाक्य काढायचं? पहिल्या वेळी मुलं मानवी जिवाच्या मोलावर भाषण ठोकतात आणि मॅनेजर झालेला मित्र त्यांना सहज गप्प करतो. दुसऱ्या वेळी कुणीतरी म्हणतं, ‘आमचा इंजिनिअरिंगचा सल्ला बदललेला नाही, हे नोंदवून घ्या.’ कुणी विचारतं, या तापमानाची एक तरी चाचणी दाखवता का? कुणी कबूल करतं, की नोकरीच्या भीतीनं आपण गप्पच बसलो असतो. तेही बोलायला हवं. अपघाताच्या चौकशीत साक्ष दिल्यावर बोइजोली यांना सहकाऱ्यांनी दूर लोटलं होतं. पुढे ते विद्यापीठांत जाऊन याच रात्रीबद्दल बोलत राहिले. ही किंमत विद्यार्थ्यांपासून लपवून तालीम घेणं म्हणजे पुन्हा सुविचारच.

(दृश्य : विद्यार्थी जागा बदलतात. मॅनेजरच्या खुर्चीत आता मघाची इंजिनिअर बसते.)

प्राध्यापक सांगतात, वाक्य छोटं करा, फोनवर वीस सेकंदांच्या वर कुणी ऐकून घेणार नाही. चला, पुन्हा.