क्रिप्टच्या तळाशी: किरणोत्सर्गानंतरचे पहिले सहा तास

(दृश्य: मायक्रोस्कोपखाली उंदराच्या लहान आतड्याचा छेद)

बोटांसारखे वर आलेले हे रसांकुर, आणि त्यांच्या बुडाशी खोल गेलेल्या खाचा म्हणजे क्रिप्ट. एका क्रिप्टमध्ये अडीचशेच्या आसपास पेशी असतात. नवी पेशी तळाजवळ जन्मते, वर सरकते आणि चार-पाच दिवसांत रसांकुराच्या टोकावरून गळून पडते.

(दृश्य: एकच क्रिप्ट, मोठा करून)

तळाशी गुलाबी दाण्यांनी भरलेल्या आहेत त्या पॅनेथ पेशी, जंतुनाशक द्रव्यं सोडणाऱ्या. त्यांच्या फटींत दबलेल्या सडपातळ पेशी म्हणजे मूळपेशी. 2007 साली एलजीआर5 या खुणेवरून त्या नेमक्या ओळखता आल्या. आता तळापासून एकेक पेशी मोजत वर या आणि चौथ्या जागेपाशी थांबा.

(दृश्य: किरणांच्या 1 ग्रे मात्रेनंतर साडेचार तासांचा छेद; ग्रे हे या मात्रेचं एकक)

गडद, गुळगुळीत, गोल गोळे आणि भोवती पांढरी कड: हा एपॉप्टोसिस, म्हणजे पेशीने स्वतःच घडवलेला मृत्यू. किरणांनी डीएनएचे दोन्ही धागे तोडले, पी53 हे प्रथिन जागं झालं, त्याने प्यूमा या मारक प्रथिनाला कामाला लावलं आणि शेवटी कॅस्पेज-3 या विकराने (एन्झाइमने) पेशी आतून कापली. अशा मेलेल्या पेशी तीन ते सहा तासांत सर्वांत जास्त दिसतात, त्याही चौथ्या जागेच्या आसपास. वरच्या रसांकुरांनाही तेवढीच मात्रा मिळाली आहे, पण तिथे जवळपास शांतता आहे.

(दृश्य: आतड्याचा तुकडा फॉर्मलिनमध्ये पडतो)

इथली घाई उगाच नाही. आतडं स्वतःच्याच रसांनी सडू लागतं, आणि सडलेली पेशी ट्युनेल रंगात, म्हणजे तुटलेला डीएनए दाखवणाऱ्या रंगात, एपॉप्टोसिसने मेलेल्या पेशीसारखीच उजळते. म्हणून थंड सलाइनने धुऊन काही मिनिटांतच दहा टक्के न्यूट्रल फॉर्मलिन. मग मेणाचा ठोकळा आणि चार-पाच मायक्रॉनचे काप. ट्युनेलआधी काप उघडण्यासाठी लावतात ते प्रथिनं पचवणारं विकर जास्त वेळ ठेवलं तरी खोटे ठिपके येतात. निव्वळ ट्युनेलवर आकडा देऊ नये. शेजारच्या कापावर कॅस्पेज-3 चा रंग आणि साधा हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, दोन्ही पाहावेत.

(दृश्य: मोजणी, पडद्यावर आकडे)

तळापासून तोंडापर्यंत सरळ कापला गेलेला क्रिप्टच मोजायचा. तिरका काप आला की जागांचे आकडे कोसळतात. क्रिप्टची एक बाजू म्हणजे अर्धा क्रिप्ट, आणि एका प्राण्यामागे असे निदान पन्नास. एकत्र पडलेले तुकडे एकच पेशी धरायची. विभाजन होत असलेली पेशीही गडद दिसते, पण तिच्या कडा केसाळ असतात. किरणं देण्याची वेळही सर्व गटांना एकच हवी, कारण क्रिप्टमधली ही मरतूक दिवसाच्या वेळेनुसार कमीजास्त होते.

(दृश्य: 12 ग्रे नंतर साडेतीन दिवस)

मोठ्या मात्रेनंतर मोजणीच वेगळी. मेलेल्या पेशी शेजारणींनी केव्हाच गिळलेल्या असतात. आता उरलेले क्रिप्ट मोजायचे: आतड्याच्या एका वर्तुळाकार कापात, दहा किंवा जास्त पेशींचा दाट गठ्ठा असेल तर तो जिवंत. पहिल्या सहा तासांची मोजणी यासाठी चालत नाही. पी53 काढून टाकलेल्या उंदरांत सुरुवातीची मरतूक जवळजवळ नाहीशी होते, तरी मोठ्या मात्रेत ते वाचत नाहीत, उलट लवकर मरतात. त्यांच्या पेशी तुटलेल्या डीएनएसह विभाजनाला जातात आणि तिथेच कोलमडतात.

कर्करोगासाठी ओटीपोटावर किरणं घेणाऱ्यांना साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुलाब लागतात, त्यामागे क्रिप्टचीच ही हानी असते.

(दृश्य: मोठ्या आतड्याचा छेद, पुन्हा 1 ग्रे नंतर साडेचार तास)

इथे गोळे फारच थोडे आहेत. मोठ्या आतड्याच्या क्रिप्टच्या तळाशी बीसीएल-2 हे प्रथिन असतं, ते एपॉप्टोसिस अडवतं. त्यामुळे दोन्ही आतड्यांचे आकडे एका तक्त्यात मिसळू नयेत.