मण्यातलं एन्झाइम आणि खारट पाणी

परीक्षानळीत रंगाचं पाणी घ्या, त्यात जिवाणूचं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) घाला, बघता बघता रंग फिका पडतो. दिसायला छान प्रयोग आहे, आणि कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी असंच स्वच्छ करता येईल असं वाटतं. पण नळीतलं ते पाणी फार लाडावलेलं असतं: कोमट, पीएच सांभाळलेलं, बिनमिठाचं. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग) बसवायला सोडा आणि भरपूर मीठ लागतं, म्हणून कारखान्यातून निघणारं पाणी अल्कधर्मी, खारट आणि अनेकदा गरम असतं. एन्झाइम म्हणजे शेवटी प्रथिनाची नेमकी घातलेली घडी. अशा पाण्यात ती घडी उलगडली, की साखळी शाबूत राहते आणि काम मात्र थांबतं.

मग निवड कुठल्या एन्झाइमची करायची? अझो रंगांत, म्हणजे कापडाच्या रंगांतल्या एका मोठ्या गटात, दोन नायट्रोजन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. अझोरिडक्टेज हे एन्झाइम तो तोडतं, पण त्याला एनएडीएच किंवा एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारे पेशीतले रेणू) सतत पुरवावं लागतं. पेशीत ते बनत राहतं. पेशीबाहेर काढलेलं एन्झाइम उपाशी पडतं. शिवाय बंध तुटून उरणारी ॲरोमॅटिक अमाइन्स बिनरंगी असली तरी त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. पाणी नितळ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

लॅकेज या दुसऱ्या एन्झाइमचं भागतं हवेतल्या ऑक्सिजनवर. बुरशीतली बहुतेक लॅकेज आम्लधर्मी पाण्यात खुलतात, आपल्या कामाला ती गैरसोयीची. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचं कॉटए हे लॅकेज मात्र त्याच्या बीजाणूच्या कवचात असतं. ज्या कवचाने उष्णता सोसायची, त्यातलं प्रथिनही काटक निघालं, यात मला तरी नवल वाटत नाही. त्याहून काटक हवं असेल तर जनुकात बदल करत, टिकाऊ वाण निवडत जायचं. या निवडपद्धतीसाठीच अमेरिकन रसायन अभियंत्या फ्रान्सिस अर्नॉल्ड यांना 2018 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

दुसरा मार्ग एन्झाइमला बांधून ठेवण्याचा. सोडियम अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या चिकट पदार्थात) एन्झाइम मिसळून त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडले की मणी तयार होतात. स्वस्त आणि सोपं. पण मण्याला धरून ठेवतं ते कॅल्शियम, आणि खारट पाण्यातलं सोडियम नेमकी त्याचीच जागा घेतं. मणी फुगतात, विरघळतात, एन्झाइम वाहून जातं. म्हणून ग्लुटारल्डिहाइड या रसायनाने प्रथिनाचे रेणू एकमेकांना जोडतात. ते जास्त झालं तर घडी इतकी आवळली जाते की एन्झाइम टिकतं, पण काम करत नाही!

आणि एक फसगत. मण्यांनी पाणी स्वच्छ केलं, दहा वेळा वापरले, असं कुणी सांगितलं तर आधी विचारा: उकळून मारलेल्या एन्झाइमचे मणी घालून पाहिलेत का? रंग बहुधा मण्यातच शोषला गेलेला असतो. मणी कापून बघा, आतून निळेभोर निघाले तर एन्झाइमने फारसं काही केलेलंच नाही.