नंबर केव्हा लागते जी?

(दृश्य: रात्र. मेडिकल चौकातली वाहतूक. 108 ची रुग्णवाहिका गेटातून आत वळते.)

नागपुरात ऑटोवाल्याला नुसतं "मेडिकल" म्हणा, तो पुढे काही विचारत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय हे लांबलचक नाव फक्त कागदावर. 1947 साली कॉलेज सुरू झालं आणि तेव्हापासून विदर्भातलं मोठं दुखणं शेवटी इथेच येऊन टेकतं. सेंट्रल ॲव्हेन्यूवरचं सरकारी मेयो रुग्णालय त्याहून जुनं. मिहानमधलं एम्स सगळ्यांत नवं, डिसेंबर 2022 मध्ये त्याचं लोकार्पण झालं. धंतोली आणि रामदासपेठेत तर गल्लोगल्ली खासगी दवाखाने.

हा व्हिडिओ यांपैकी कोणत्याही एका रुग्णालयाची तक्रार नाही आणि जाहिरातही नाही. सरकारी असो की खासगी, प्रत्येक मोठ्या रुग्णालयात एक दार असतं, कॅज्युअल्टीचं, म्हणजे तातडीच्या उपचार विभागाचं. त्या दाराबाहेर बसलेल्या माणसांविषयी आपण बोलणार आहोत.

(दृश्य: बाकावर बसलेले नातेवाईक. कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या हातात पाण्याची बाटली.)

आधी हे पाहू की इथे येतं कोण. नागपूरकर येतातच. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळचेही येतात. छिंदवाडा, बालाघाट, शिवनीहून येतात, छत्तीसगड आणि तेलंगणातून येतात. गडचिरोली शहर नागपूरपासून सुमारे 170 किलोमीटर, आणि भामरागड त्याच्याही पलीकडे जवळपास तितकंच लांब. तिकडचा माणूस थेट नागपूरला येत नाही. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी सलाईन लागतं, चिठ्ठी बदलते, आणि शेवटच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, नागपूरला रेफर.

रुग्णालयाच्या लेखी त्याची वेळ केसपेपर निघतो तेव्हा सुरू होते. घरच्यांची वेळ मात्र काल संध्याकाळपासूनच चालू असते. केसपेपर काढून वीस मिनिटं झाली नाहीत तोच एखादा म्हातारा आवाज चढवतो, "किती वेळ झाला, कोणी पाहूनच नाही राहिलं!" तेव्हा त्या आवाजात रात्रभराचा रस्ता असतो. टेबलामागच्या पोरसवद्या इंटर्नला तो रस्ता दिसत नाही. त्याला फक्त वीस मिनिटं दिसतात.

(दृश्य: कॅज्युअल्टीचं दार. स्ट्रेचर आत जातं. बाहेरचे लोक मान वळवून पाहतात.)

आता रांगेविषयी. बँकेत, रेशनच्या दुकानात, एसटीच्या खिडकीवर आपल्याला एकच नियम ठाऊक असतो: जो आधी आला त्याचा नंबर आधी. कॅज्युअल्टीत हा नियम चालत नाही, आणि चालूही नये. इथे जो जास्त धोक्यात, तो आधी. श्वास घेता येत नाही, शुद्ध हरपली, रक्त थांबत नाही, असा रुग्ण लाल गटात. त्रास मोठा आहे पण थोडा वेळ निभेल, तो पिवळा. पाय मुरगळला, साधा ताप, किरकोळ जखम, तो हिरवा. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांच्या आत निघावा, असं हृदयरोगाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. लकव्याच्या रुग्णाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणूनच "हात उचलणं केव्हापासून बंद झालं?" असं डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात.

ही विभागणी जगभर चालते आणि ती योग्य आहे. पण बाकावरच्या माणसाला ती कुणी सांगितलेली नसते. त्याला एवढंच दिसतं की आपण तासापासून बसलोय आणि आत्ता आलेला माणूस सरळ आत गेला. शेजारचा म्हणतो, "ओळख असंन त्याची." झालं. तिथून पुढे प्रत्येक मिनिट अपमानाचं होतं. आत गेलेल्या माणसाचं हृदय कदाचित बंद पडत असेल. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

काही वेळा तर थांबणं हाच उपचाराचा भाग असतो. विदर्भात पावसाळा लागला, धानाच्या बांध्यांत रोवणी सुरू झाली की सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर विष रक्तावर काम करतं. ते ओळखायची साधी तपासणी अशी: थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती तिरपी करून पाहायची. रक्त गोठलं नसेल तर विष अंगात भिनलंय. नाग किंवा मण्यार चावला असेल तर पापण्या जड होतात का, बोलणं अडखळतं का, हे पाहत राहावं लागतं. प्रतिविषाची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून लक्षण दिसल्याशिवाय ते टोचत नाहीत. आता बाहेरच्या बापाच्या जागी उभं राहून पाहा. लेकराला साप चावलाय आणि डॉक्टर एक काचेची नळी ठेवून निघून गेले. वीस मिनिटं. त्याला वाटणारच की पोराला असंच टाकून दिलं.

छातीदुखीतही तसंच. हृदयाच्या रक्ततपासणीचा पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी काही तासांनी ती पुन्हा करावी लागते, कारण इजा झाल्यावर या तपासणीत मोजतात ते प्रथिन रक्तात चढायला वेळ लागतो. डोक्याला मार लागलेला माणूस चालता-बोलता असला तरी त्याला काही तास नजरेखाली ठेवतात. या सगळ्यात उपचार चालूच असतो, फक्त तो दिसत नाही.

(दृश्य: वॉर्डाचा पॅसेज. भिंतीला लागून गाद्या. एक मावशी फरशी पुसते आहे.)

पण सगळंच थांबणं असं शहाणपणाचं नसतं, हेही स्वच्छ सांगायला हवं. घरातली मोरी तुंबली की पाणी न्हाणीघरात चढतं, तशी कॅज्युअल्टीतली गर्दी बहुतेकदा वॉर्डात तुंबलेली असते. रुग्णाला तपासून झालं, भरती करायचं ठरलं, पण वर बेड रिकामा नाही. मग तो त्याच ट्रॉलीवर राहतो, आणि पुढच्याला ट्रॉली मिळत नाही. वॉर्डात फ्लोअर बेड लागतात, म्हणजे दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी. आयसीयूत जागा व्हायची तर आतला कुणी बरा होऊन बाहेर यावा लागतो, नाहीतर... ते वाक्य तिथे कुणी पुरं करत नाही.

धावपळ नातेवाइकांचीच. रक्ताचा नमुना लॅबमध्ये न्या, फॉर्म रक्तपेढीत न्या, आत नसलेली वस्तू बाहेरच्या दुकानातून आणा, सिटी स्कॅनसाठी ट्रॉली ढकला. चार माणसं सोबत असलेल्या रुग्णाचं काम चारपट लवकर होतं. एकटी आई लेकराला घेऊन आली असेल तर तिने रांगेत उभं राहायचं की लेकराजवळ? अनोळखी म्हणून रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसाचं रक्त लॅबमध्ये कोण नेणार? एखादे ब्रदर म्हणजे पुरुष परिचारक, एखादे मामा म्हणजे वॉर्डबॉय हातातलं काम टाकून नेतात, मी पाहिलेत. पण व्यवस्था अशा माणसांच्या चांगुलपणावर चालू नये, एवढं मला ठामपणे वाटतं.

(दृश्य: बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली तरुणी. चेहरा दिसत नाही.)

आता त्या रुग्णाकडे येऊ, ज्याच्यासाठी हा व्हिडिओ करावासा वाटला. नागपूरची कॅज्युअल्टी याच्याशिवाय समजतच नाही.

1958 साली नागपूरच्याच डॉक्टरांनी, शुक्ला आणि सोलंकी यांनी, मध्य भारतात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळत असल्याची नोंद प्रसिद्ध केली. आज विदर्भात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दलित वस्त्यांत, आदिवासी पाड्यांवर, अनेक ओबीसी कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. उत्तर नागपुरात घराघरांत विचारा, कुणीतरी "आमच्या भाचीला आहे" म्हणतंच.

आजार जन्मजात. लाल रक्तपेशी वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासं होतं. तिथून ती कळ उठते. हाडांत, पाठीत, छातीत. डिसेंबरची थंडी पुरते, मे महिन्यात पाणी कमी पडलं तरी पुरतं, साधा ताप पुरतो. एरवी कॉलेजात जाणारी, हसणारी मुलगी रात्री दोन वाजता किंचाळत उठते आणि बाप तिला गाडीवर मधे बसवून कॅज्युअल्टीत आणतो.

आणि इथे येऊन ती हिरव्यात पडते. रक्त वाहत नाही. रक्तदाब ठीक. एक्स-रे स्वच्छ. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. हीच मुलगी मागच्या महिन्यातही येऊन गेलेली असते, म्हणून टेबलामागचा चेहरा ओळखीचा त्रासिक होतो. तिने स्वतःहून इंजेक्शनचं नाव सांगितलं, तर संशय येतो: हिला सवय तर नाही लागली? मुलीला त्या औषधाचं नाव पाठ असतं कारण लहानपणापासून तेच लागू पडलंय. सिकलसेलची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की कळ घेऊन आलेल्या रुग्णाला पोचल्यापासून एका तासाच्या आत वेदनाशामक मिळालं पाहिजे, आणि आराम पडला की नाही ते पुन्हा पुन्हा पाहिलं पाहिजे. तो तास अनेकदा केसपेपर आणि "बसा जरा, येऊन राहिले डॉक्टर" यातच जातो.

यात धोकाही आहे. छातीत दुखणं, ताप आणि दम एकत्र आले तर फुप्फुसांवर संकट आलेलं असू शकतं. लहान लेकरात प्लीहा अचानक सुजून रक्त त्यात साठतं आणि ते पाहता पाहता पांढरं पडतं. म्हणजे हिरव्यात बसवलेली मुलगी एखाद्या रात्री लाल असते, आणि तिच्या ओळखीच्या कळेमुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. 1 जुलै 2023 ला शेजारच्या मध्य प्रदेशात, शहडोलला, सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. तपासण्या होताहेत, कार्ड मिळताहेत. हे सगळं हवंच आहे. पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीच्या दारात ते कार्ड पाहून कुणी म्हणालं पाहिजे, "सिकलसेल आहे, आधी हिला घ्या." निर्मूलन पुढच्या पिढीचं. कळ आजच्या पोरीची आहे.

(दृश्य: खासगी रुग्णालयाची काउंटर खिडकी. पाटी अस्पष्ट.)

खासगी दारात वेगळं थांबणं असतं: डिपॉझिट भरेपर्यंतचं. इथे कायदा पुरेसा स्पष्ट आहे. 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जखमीचा जीव वाचवणं आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. 1996 मध्ये पश्चिम बंगालच्या एका शेतमजुराचं प्रकरण आलं. रेल्वेतून पडलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी बेड नाही म्हणून परत पाठवलं होतं. न्यायालय म्हणालं, वेळेवर तातडीचा उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. आणि अपघातातल्या जखमीला तुम्ही उचलून आणलंत, तर 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार तुम्हाला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. वर्धा रोडवर, अमरावती रोडवर गाडी थांबवायला घाबरणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावं.

(दृश्य: पहाट. ड्युटी संपवून पायऱ्या उतरणारे निवासी डॉक्टर.)

टेबलामागची मुलं-मुलीही थांबलेलीच असतात. जेवणासाठी, झोपेसाठी, वरच्या वॉर्डातून येणाऱ्या एका फोनसाठी. त्यांच्यावर हात उचलणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 2010 पासून वेगळा कायदा आहे आणि तो लागलाच पाहिजे. मात्र दारात नुसते सुरक्षारक्षक वाढवून आत काय चाललंय ते बाहेरच्यांना कळणार नाही.

बाहेरच्यांनी आत सांगायच्या गोष्टी थोड्याच आहेत. त्रास नेमका केव्हा सुरू झाला. आधी कुठे काय दिलं, त्या चिठ्ठ्या दाखवा, जुन्या गोळ्यांचं पाकीट सोबत ठेवा. सिकलसेल, दमा, साखर, गर्भ, काहीही असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. आणि बसलेले असताना काही बदललं, श्वास वाढला, लेकरू सुस्त झालं, बोलणं जड झालं, तर नंबरची वाट न पाहता उठून सिस्टरना सांगा. पिवळ्याचा लाल होऊ शकतो, तुमचा अग्रक्रम बदलून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे.

आतल्यांनी बाहेर सांगायचं तर एक माणूस हवा. डॉक्टरच हवा असं नाही. समाजसेवा अधीक्षक चालेल, प्रशिक्षण दिलेली मावशी चालेल. तासाला एकदा बाकांपाशी येऊन सांगायचं: तुमचा रिपोर्ट यायचाय, तुमच्यासाठी बेड शोधतोय, तुमच्या मुलाची नळी अजून पाहायची आहे. खर्च एका पगाराचा.

आणि दारावर एक पाटी. इथे आधी आलेल्याला नव्हे, जास्त धोक्यात असलेल्याला आधी घेतलं जातं. लाल म्हणजे काय, पिवळा म्हणजे काय, हिरवा म्हणजे काय. सिकलसेलची कळ असेल तर लगेच सांगा. मराठीत हवी, छिंदवाडा-बालाघाटच्या लोकांसाठी हिंदीत हवी, आणि अक्षर मोठं हवं, कारण घाईत निघालेल्या म्हाताऱ्या माणसांचे चष्मे घरीच राहिलेले असतात.