आरतीचं मशीन आणि मी

(अमळनेर इथे झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'एकट्याचं इंडस्ट्रियल संगीत आणि श्रद्धेचा झगडा'. आयोजकांपैकी एकांना वाटलं होतं की हा एमआयडीसीतला ऑर्केस्ट्रा आहे. त्यांनी फोन केला, किती माणसं येणार, जेवायला किती पानं धरायची? मी म्हटलं, एकटाच येतोय, पान एकच. तिकडून जरा वेळ आवाजच आला नाही.

पुढच्या रांगेत पांढऱ्या टोप्या दिसताहेत, म्हणून आधीच सांगून टाकतो. देव नाही हे सिद्ध करायला मी आलेलो नाही. आहे हेही सांगणार नाही. मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, इलेक्ट्रिशियन आहे. तारेत फेज आहे की नाही ते टेस्टर लावून सांगतो. ह्या प्रकरणात टेस्टर कुठे लावायचा तेच मला सापडलेलं नाही.

तसा हा विषय अमळनेरात बोलायला संकोच नको. प्रतापशेठनी ह्याच गावात कापडाची गिरणी चालवली आणि 1916 साली तत्त्वज्ञान मंदिरही ह्याच गावात काढलं. साने गुरुजी तिथे शिकायला आले आणि मग प्रताप हायस्कुलात शिकवायला लागले. म्हणजे भोंगा आणि ब्रह्म, दोन्हींचा खर्च एकाच खिशातून. पैकी भोंगा बंद पडला. ब्रह्माचं तुम्ही सांगा.

बरं, इंडस्ट्रियल म्हणजे काय, ते थोडक्यात. 1913 साली लुईजी रुसोलो ह्या इटालियन चित्रकाराने जाहीरनामा लिहिला की वाद्यांचे गोड सूर पुरे झाले, आता यंत्रांचा गोंगाट संगीतात घ्या. नुसतं लिहून थांबला नाही, हँडल फिरवलं की घरघरणारी, गुरगुरणारी खोकी बनवली. पुढे 1976 साली इंग्लंडात थ्रॉबिंग ग्रिसल नावाच्या चौकडीने इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही कंपनी काढली, तेव्हापासून हे नाव चिकटलं. बर्लिनमध्ये 1980 पासून आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन ही मंडळी ड्रिल, हातोडे आणि भंगारातलं लोखंड घेऊन स्टेजवर चढली. आपल्याकडच्या भंगारवाल्याला हे कळलं नाही ते बरं, नाहीतर त्याने किलोचा भाव वाढवला असता.

मला हे सगळं फार उशिरा कळलं. माझे कान आधीच जिनिंगमध्ये तयार झाले होते. डबल रोलर जिन तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. दोन रोलर, त्यांच्यावर चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेल्या, मध्ये बीटर खालीवर झटके देतो. रोलर रुई ओढून नेतो, सुरी सरकीला अडवते, सरकी खाली गळते. शेडमध्ये अशा जिनांची रांग असते आणि प्रत्येकाचा वेग केसभर वेगळा. रात्रपाळीला नुसतं ऐकत उभं राहा. ठेके एकमेकांत शिरतात, काही क्षण एक होतात, पुन्हा सुटतात. जाता जाता एक गंमत. देवापुढे जळते त्या वातीचा कापूस बहुधा ह्याच चामड्यावरून आलेला असतो. हे मी शेजारच्या सोवळ्यातल्या काकूंना सांगितलं, तेव्हापासून त्यांच्याकडचा प्रसाद आमच्याकडे येत नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात आबा, म्हणजे माझे वडील, पखवाज वाजवायचे. मी लहानपणापासून टाळकरी. पुढे पोरं पुण्याला, सुरतेला गेली, म्हातारे थकले, सांजआरतीला माणूस मिळेना. मग मंदिराने आरतीचं मशीन आणलं. तुम्ही बघितलंच असेल: लोखंडी स्टँड, खाली मोटर, पट्टा, वर दांडा फिरतो, त्याच्या उंचवट्यांनी दोन काठ्या नगाऱ्यावर पडतात, झांजा आपटतात, घंटा हलतात. बटण कुठे? दाराशी, ट्यूबलाइटच्या बटणाखाली. गावाने कौतुकाने नारळ फोडला. आबांना कुणी काही विचारलं नाही. पखवाज गवसणीत गेला.

आणि हे मशीन बिघडलं की दुरुस्त कोण करणार? मीच. अख्ख्या गावात देवाचा नगारा चालू ठेवणारा मी, आणि हात न जोडणाराही मीच. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, मोटर दमते, आरती संथ होते. मध्येच लाइट गेली की नगारा दोन-चारदा अडखळतो, एक घंटा उगाच टण् करते आणि सगळं थांबतं. पण बायाबापड्यांच्या टाळ्या थांबत नाहीत. अंधारात, मशीन गेल्यावरही, मशीनच्याच लयीत. मला तर तो भाग आरतीपेक्षा जास्त आवडतो.

एकदा कपॅसिटर बदलताना नगाऱ्याच्या कड्याला पिएझोची चकती, म्हणजे थरथरीचा विजेचा सिग्नल करणारी छोटी पत्री, चिकटवून मी तो आवाज रेकॉर्ड केला. दांड्याचा एक उंचवटा झिजलाय, त्यामुळे डावी काठी जराशी उशिरा पडते. लंगडा ठेका. तो मी लॅपटॉपवर घेतला, खाली जिनिंगची घरघर ठेवली, आवाज फाटेपर्यंत वाढवला आणि मधोमध माझाच आवाज, हरिपाठाच्या चालीत, पण शब्द नाहीत. भाच्याने ते व्हॉट्सअॅपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी ट्रस्टची बैठक.

बैठक म्हणजे काय, सगळं गाव. एक नाना मोबाइल कानाला लावून बसलेले. ऐकलं, मोबाइल उलटा करून पाहिला, म्हणाले, "हाई काय शे रे भो?" दुसरे म्हणाले, हा देवाचा आवाज चोरलाय. मी म्हटलं, काका, हा अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरचा आवाज आहे, बिल माझ्याकडे आहे. तिसऱ्यांनी नेमका प्रश्न विचारला, "ह्यात देव कुठे आहे?" मी विचारलं, मशीनमध्ये कुठे आहे? त्यावर जो आरडाओरडा झाला तोही मी रेकॉर्ड करायला हवा होता. एकाने तर ठराव मांडला की ह्याला मशीनला हात लावू देऊ नये. मग दुरुस्ती कोण करणार, ह्यावर ठराव बारगळला. आबा कोपऱ्यात खांबाला टेकून बसले होते. सगळे दमल्यावर त्यांनी नानांच्या हातातून मोबाइल घेतला, पूर्ण ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "डावी काठी मांगे पडस, ती नीट का बरं नही करी?"

त्या गाण्यावर आजवर झालेली एवढी एकच खरी टीका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता पळत पळत.

लोक विचारतात, श्रद्धा कशाने गेली? काही घडलं का? काहीच घडलं नाही. हरिपाठाला उभा होतो, तोंड चालू होतं आणि ध्यानात आलं की मी फक्त मात्रा मोजतोय. आपल्याकडे देवाशी भांडायची मोठी परंपरा आहे. नामदेव रुसतात, जनाबाई तर विठोबाला सरळ शिव्या घालते. पण शिवी द्यायलाही समोर कुणी उभं असावं लागतं. ज्याला समोर कुणी आहे की नाही हेच ठाऊक नाही, त्याने कुणाशी भांडावं? शिवाय भजनाची बांधणीच अशी की एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. माझ्या शंकेची ओळ मी दहा जणांना कशी उचलायला लावू? त्यांची पक्की आहे, त्यांना कशाला गोत्यात आणू? म्हणून एकटा. मला झील धरायला असा कुणी हवा होता जो ओळ पुन्हा पुन्हा म्हणेल आणि ती खरी मानतोय असा आव आणणार नाही. तो मंदिरातच सापडला, दाराशी बटण असलेला. मशीन रोज देवापुढे वाजतं, त्याचा विश्वास कुणी विचारत नाही. माझा विचारतात. श्रावणात आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या प्रसादाचे रोट खाताना मात्र मलाही कुणी विचारत नाही, तिथे भाऊबंद असलं की पुरतं.

असा मी एकटाच नाही. अमेरिकेत नाइन इंच नेल्स ह्या इंडस्ट्रियल बँडच्या ट्रेंट रेझ्नरने स्टुडिओत झाडूपोछ्याची नोकरी करत रात्री रिकाम्या वेळात गाणी बांधली. 1989 च्या त्याच्या पहिल्या अल्बमात एक गाणं थेट देवालाच जाब विचारतं. त्याला निदान चर्चपासून लांब राहता आलं. मला दर महिन्याला पट्टा ताणायला मंदिरात जावं लागतं, आणि खरं सांगू का, जायला आवडतं. हे विसंगत आहे असं एक प्राध्यापक मला म्हणाले. असेल. त्यांनी येऊन पट्टा ताणावा.

करायचं कसं, हे राहिलंच. पिएझोची चकती काही रुपयांत मिळते, खेळण्यातल्या बझरमध्येही असते. दोन तारा डागायच्या, ऑडिओची पिन लावायची, मोबाइलला किंवा लॅपटॉपला जोडायची. चालत्या पट्ट्याजवळ सैल बाही आणि उपरणं नको. मोटर बंद करून चिकटवा, मग चालू करा. डावी काठी मी अजून नीट केलेली नाही. आबा दर एकादशीला विचारतात.

अध्यक्ष उठले. बाहेर चहा आलाय म्हणे. चकती बघायची असेल त्यांनी टेबलापाशी या, फक्त तार ओढू नका, सोल्डर कच्चं आहे.