आगाऊ म्हणजे नेमके काय?

अध्यक्षमहाशय आणि मित्रहो,

'दोन शब्द बोलण्याचे धार्ष्ट्य करतो' अशी सुरुवात मी लिहून आणली होती. पण परवा रात्रीपासून हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते. जेवताना मी माँट्रियलमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्याची कहाणी रंगवून सांगत होतो. नऊ वर्षांची नात म्हणाली, "आबा, दिवाळीत सांगितलंत तेव्हा बर्फ गुडघ्यापर्यंत होता, आज कमरेपर्यंत कसा आला?" सगळे हसले आणि मी अर्थातच ओरडलो, "आगाऊपणा पुरे!" तिने वरणभात कालवता कालवता शांतपणे विचारले, "आगाऊ म्हणजे एफ्राँते की ओदास्यूझ?"

क्वेबेक प्रांताच्या १९७७ च्या भाषा कायद्यामुळे आपली बहुतेक मुले फ्रेंच शाळेत जातात, तेव्हा हा प्रश्न तुमच्याही ताटाशी येणारच. मी शब्दकोश घेऊन बसलो. एफ्राँते म्हणजे उद्धट. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले कपाळ आहे. फ्रेंचांचा आणखी एक उद्धटपणा, तुपे, हा कपाळावरच्या झुलपांत राहतो, इंग्रजांचा 'चीक' गालात, आणि आपला तोंडात. म्हणून तर 'तोंड वर करून बोलू नकोस'. 'कुलोते', म्हणजे बेधडक, हा शब्द मात्र आठ्या घालूनही म्हणता येतो आणि कौतुकानेही. ओदास्यूझ म्हणजे धाडसी, आणि त्यातला 'ओदास', म्हणजे धाडस, हा तर २ सप्टेंबर १७९२ रोजी फ्रेंच राज्यक्रांतीचा नेता दाँतों याने भर सभेत तीनदा उच्चारला: धाडस, आणखी धाडस, सदैव धाडस, म्हणजे फ्रान्स वाचला. दोन वर्षे उलटायच्या आत त्याचे डोके गिलोटिनखाली गेले, हे मी नातीला सांगितलेले नाही.

धीट, धाडसी हे शब्द आपल्याकडेही आहेत, पण ते आपण स्वतःसाठी राखून ठेवले आहेत: दोन बॅगा घेऊन परदेशी आलो ते आपण धाडसी, आणि आपली चूक दाखवणारी मुलगी आगाऊ. तिच्या भावाने तेच विचारले असते तर मी त्याला चुणचुणीत म्हणालो असतो, हे कबूल करायला मला घरी दोन दिवस लागले. आपल्या गणेशोत्सवातही मुले पाठ केलेले म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो. मराठीतून आपल्याला उलट प्रश्न विचारण्याची संधी त्यांना आपण कधी दिली आहे?

काल रात्री मी मुद्दाम बर्फ छातीपर्यंत नेला. नात काहीच बोलली नाही. मग भावाच्या कानाशी लागून फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटली आणि दोघेही हसले.