सुपरहिरोचं सूत साध्या माणसाशीच जुळवा

श्रोतेहो, नमस्कार.

मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेतल्या नाटकासाठी म्हणा, शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगसाठी म्हणा, सुपरहिरोची गोष्ट लिहायला घेतली की एक पेच हमखास पडतो. याचं सूत कुणाशी जुळवायचं? त्याच्यासारखीच शक्ती असलेल्या बाईशी, की गावातल्या साध्या मुलीशी? माझं मत आहे, साध्या माणसाशीच जुळवा. मात्र हिरो खरा कोण आहे हे तिला होकार देण्याआधी कळलं पाहिजे.

सुपरमॅन आणि लोइस लेन जून 1938 च्या एकाच कॉमिक अंकात पहिल्यांदा आले. ती वार्ताहर, तो एरवी तिच्याच कचेरीतला, क्लार्क केंट नावाचा बुजरा वार्ताहर. क्लार्कला ती मोजत नाही, सुपरमॅनवर जीव टाकते, आणि दोघं एकच आहेत याचा तिला पत्ता नाही. मुख्य कथामालिकेत त्यानं तिला खरं सांगितलं ते 1991 साली. लग्न 1996 मध्ये. पन्नासहून जास्त वर्षं एका हुशार बातमीदार बाईला लेखकांनी अंधारात ठेवलं. वाचकांची करमणूक झाली असेल, पण लोइसवर तो अन्यायच होता.

स्पायडरमॅनच्या गोष्टीत तर जीव गेला. 1973 साली आलेल्या 121 व्या अंकात ग्रीन गॉब्लिन हा खलनायक स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली ढकलतो. पीटर हाच स्पायडरमॅन, हे गॉब्लिनला माहीत होतं. ग्वेनला नव्हतं. ज्या गोष्टीपायी आपल्यावर संकट यायचं ती वैऱ्याला ठाऊक आणि आपल्यालाच नाही, मग त्या पोरीनं सावध राहायचं तरी कसं?

ती कशानं गेली हेही लिहिणाऱ्यानं नीट समजून घ्यावं. पीटरनं जाळं फेकून तिचे पाय धरले. पडणं थांबलं, पण एकदम थांबलं, आणि त्या झटक्यानं मान मोडली. आपल्याकडच्या नाटकात नायिका पाण्याच्या टाकीवरून पडते असं धरा. टाकी 20 मीटर उंच, मुलगी 50 किलोची. खाली यायला तिला जेमतेम 2 सेकंद लागतात आणि जमिनीजवळ वेग होतो ताशी 70 किलोमीटरच्या वर. हिरो खाली हात पसरून उभा राहिला आणि त्यानं तिला 10 सेंटिमीटरच्या आत झेललं, तर तिच्या अंगावर तिच्या वजनाच्या सुमारे 200 पट, म्हणजे 10 टन भार येतो. पोलादी हातांवर पडणं आणि सिमेंटच्या ओट्यावर पडणं, यात मग काही फरक राहत नाही. हिशोब सोपा आहे. जितक्या उंचीवरून पडली, त्या उंचीला थांबायच्या अंतरानं भागा. म्हणून हिरोनं खाली थांबू नये. तिच्याच वेगानं तिच्यासोबत खाली यावं, 10 मीटर पडून झाल्यावर एक हात मानेखाली आणि एक गुडघ्यांखाली घालून तिला धरावं, आणि उरलेल्या 10 मीटरमध्ये वेग हळूहळू कमी करावा. मग भार वजनाच्या दुप्पटच येतो. तेवढा सहन होतो. प्रवेश लिहिताना हे अंतर संवादात नका आणू, पण हालचालीत दिसू द्या. आणि तिला आधीच सगळं माहीत असेल तर तीही हनुवटी छातीला लावून अंग आवरून घेईल, हातपाय झाडणार नाही.

आता लपवण्याचं. मोठ्या शहरात चष्मा लावून ओळख लपते म्हणे. दोनशे घरांच्या गावात माणूस अंधारात चालीवरून ओळखतात. हिरोला रात्री बाहेर पडायला कारण लागतं, आणि आपल्याकडे ती कारणं तयार आहेत. रानडुकरांपासून पीक राखायची जागल आहे, रात्रपाळीची थ्री-फेज वीज आली की ओलीत, म्हणजे पिकाला पाणी देणं आहे. कुणी विचारणार नाही. पण वावर सकाळी कोरडं दिसलं की चर्चा सुरू होईल, आणि तिची पहिली शंका वाईटच असेल. तिची शंका खोटी पाडायला तो आणखी चार खोटं बोलेल. नातं सडतं ते इथून.

अशा संसारात खलनायक वर्षातून एकदा येतो. माणूस घरी नसणं मात्र रोजचं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाला, जमिनीत ओल नीट उतरली, की पेरणीचे मोजके दिवस हाताशी असतात. त्याच आठवड्यात हिरो कुठल्या तरी शहरावरचं संकट निवारायला गेला, तर तिफण कोण धरणार? बंडी कोण जुंपणार? आल्यावर मी वाऱ्याच्या वेगानं पेरून देतो, असं त्यानं म्हणू नये. त्या वेगात बियाणं उधळतं, खोली चुकते, काही दाणे उघडे पडतात, काही इतके खोल जातात की अंकुर वरच येत नाही. तिथं बैलाच्याच चालीनं चालावं लागतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटली की वेचणीचंही तेच. शक्तीनं वाचवता न येणारा हा वेळ तो कुणाला देतो, यावर त्याचं प्रेम जोखा.

म्हणून सांगण्याचा प्रवेश पहिल्याच अंकात घ्या. उडून दाखवणं नंतर, आधी बोलणं. ‘मी रात्री कुठी जातो, हे तुले आज सांगतो. आयकून तू नाही म्हनलं तरी चालते.’ एवढं पुरे. मग तिला प्रश्न विचारू द्या, भरपूर विचारू द्या. पोराबाळांत ही शक्ती उतरेल का? तुझ्या वैऱ्याला माझ्या माहेरचं गाव ठाऊक आहे का? पेरणीत तू असशील का? ज्याचं उत्तर हिरोकडे नाही, तिथं त्यानं ‘ठाऊक नाही’ म्हणावं.

ती नाही म्हणाली, तर गोष्ट अडत नाही. भिंतीपलीकडचं ऐकू येत असेल तर तिच्या घराकडे त्यानं कान देऊ नये. तिची आठवण पुसून टाकायची युक्ती सिनेमावाल्यांनी वापरली आहे, तुम्ही वापरू नका. जे तिनं ऐकलं ते तिचं झालं. ती तुमच्या नाटकात पुढेही दिसू द्या, नाही म्हणालेली, गुपित सांभाळणारी, आणि दुसऱ्या कुणाशी लग्न करून सुखात असलेली.