फाईल पोचली, पोरगा पोचला, देखरेखीचं काय?

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल हे काय बाई सकाळी सकाळी, पण ऐका तर. एखादं पोरगं कामासाठी म्हणून परराज्यातनं इकडं येतं, वय सोळा-सतरा, इथं काहीतरी भानगड करतं, पोलिसांच्या हाती लागतं, आणि मग बाल न्याय मंडळ म्हणतं की ह्याला वर्षभर आईबापाच्या ताब्यात ठेवा आणि परिविक्षा अधिकाऱ्यानं लक्ष ठेवावं. आता आईबाप हजार-दीड हजार किलोमीटरवर. लक्ष कोण ठेवणार? मी इथली परिविक्षा अधिकारी, मी काय दर महिन्याला बिहारला जाणार होय?

माझी अख्खी नोकरी ह्याच खात्यात झाली. परिविक्षा अधिकारी म्हणजे अशा मुलाच्या घरची माहिती काढून मंडळाला देणारा आणि नंतर त्याच्यावर लक्ष ठेवणारा, ज्याला ऑफिसात सगळे पीओ म्हणतात तो माणूस. आणि हो, आधीच सांगते, रिमांड होम हा शब्द आता कागदावर नाहीये, निरीक्षणगृह म्हणायचं, आणि बालगुन्हेगार पण नाही म्हणायचं, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणायचं. शब्द चांगला आहे, हेतू तर फारच चांगला आहे, पण म्हणताना जीभ अडखळते, आणि मला विचाराल तर ज्यांनी शब्द बनवला त्यांनी तो एकदा रिक्षावाल्याला सांगून बघावा, रिमांड होमच म्हणावं लागतं तेव्हा कुठं रिक्षा दारात येते. मुंबईत डोंगरीला जी मुलांची संस्था आहे ना, तो जुना तुरुंग, १८८२ साली टिळक आणि आगरकर तिथंच १०१ दिवस होते. असो, कुठं गेले मी.

तर कायदा थोडक्यात. २०१५ चा बाल न्याय कायदा, जानेवारी २०१६ पासून लागू. अठराच्या आतलं मूल पकडलं की चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं न्यायचं, मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यातली एक बाई पाहिजेच. पीओनं दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा, घर कसं, बाप काय करतो, शाळा कुठवर, संगत कुणाची, सगळं. आणि मूल बाहेरगावचं निघालं तर कलम ९५. ह्यात काय म्हटलंय, नीट ऐका, की त्याच्या जिल्ह्यातल्या मंडळाशी विचारविनिमय करून त्याला तिकडं पाठवायचं, पण चौकशी पूर्ण होऊन शेवटचा आदेश झाल्यावरच. परत सांगते, शेवटचा आदेश झाल्यावरच. मधेच उचलून पाठवता येत नाही, म्हणजे भानगड इथली, साक्षीदार इथले, आणि पोरगा तिकडं, असं होत नाही. परराज्यात असेल तर त्याच्या जिल्ह्याच्या मंडळाकडं नाहीतर त्या राज्याच्या राजधानीतल्या मंडळाकडं द्यायचं. पोचवायचं काम विशेष बाल पोलीस पथकाचं, आदेश हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत, मुलगी असेल तर सोबत महिला पोलीसच. आणि सोबत जाणाऱ्याचा प्रवासभत्ता आगाऊ द्यायचा. आगाऊ! हा शब्द कायद्यात लिहिलाय बरं का, मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. तो लक्षात ठेवा, पुढं लागणारे.

आता गोष्ट सांगते, कारण खरं तर ह्या गोष्टीसाठीच मी आज आलेय. कोविडच्या आधीची आहे. मुलाचं नाव नाही सांगणार, गावाचं पण नाही, कायद्यानं सांगता येत नाही, कलम ७४, ओळख पटेल असं काहीही जाहीर करायचं नाही. (आपले टीव्हीवाले मुलाचा चेहरा धूसर करतात आणि मागं त्याच्या घराची पाटी तशीच दाखवतात, ह्यांना कुणीतरी दंड करायला पाहिजे, पण ते वेगळं भाषण होईल.) तर उत्तर बिहारातला एक मुलगा, सोळा पूर्ण, आमच्या इथं एका कारखान्यात राबायचा, तीन वर्षं, म्हणजे आला तेव्हा तेरा वर्षांचा होता, आणि त्याबद्दल मालकाला कुणी काय विचारलं ते मी इथं बोलत नाही. मालकानं चार महिने पगार दिला नाही म्हणून ह्यानं आणि आणखी दोघांनी तांब्याच्या तारेचं भंगार उचललं. विकायला गेले तिथंच धरले.

मी अहवालाला बसले तर पत्ताच लागेना. तो गावाचं नाव सांगायचा, त्याच नावाची त्या भागात तीन गावं. पोलिसांच्या कागदावर तर जिल्हाच भलता. बापाचा नंबर विचारला तर म्हणाला, मोबाईलमधे होता मॅडमजी, मोबाईल पोलिसांकडं. तोंडपाठ काय आहे? तर एकच नंबर, गावातल्या रिचार्जवाल्याचा, का तर त्याच्याकडं पैसे पाठवले की तो घरी नेऊन द्यायचा. (तुमच्या घरच्या पोरांना विचारा बघू आज, आईचा नंबर तोंडपाठ आहे का. नसेल. आमच्या घरातही नाहीये, बोलून काय उपयोग.) मी त्या रिचार्जवाल्याला फोन लावला. माणूस भला, दुकान उघडं टाकून ह्याच्या आईला बोलवायला पळाला. आई फोनवर नुसती रडली. मग बापाबद्दल विचारायला मी परत त्या दुकानदारालाच धरलं, तर तो म्हणाला, अरे मॅडम, वो तो पड़ा रहता है, काम-धाम कुछ नहीं, पीता होगा.

पीता होगा. होगा, हं, म्हणजे पीत असेल. त्या जिल्ह्यातल्या पीओनं घरी जाऊन बघून कळवावं म्हणून मी दोन मेल टाकले होते, उत्तर नाही, मंडळाची तारीख आली, आणि मी अहवालात लिहिलं, वडील व्यसनी असून कामधंदा करत नाहीत. झालं, एक ओळ. आणि मुलाबद्दल लिहिलं, मुलगा हट्टी आहे, पण कष्टाळू आहे. तेवढं खरं होतं.

चौकशी झाली. साधी चोरी, त्यानं कबूल केलं, मंडळानं एक वर्ष आईच्या ताब्यात आणि पीओच्या देखरेखीखाली असा आदेश दिला, आणि देखरेख त्याच्या जिल्ह्याच्या मंडळाकडं सोपवली. तसं तीन वर्षांपर्यंत ठेवता येतं, इथं एकच वर्ष दिलं. मग सुरू झाला तो आगाऊ भत्ता. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, पंधरा दिवसांपैकी अकरा दिवस तिथंच गेले. शेवटी आमच्याकडचे एक हवालदार, पन्नाशी पार, भुसावळच्या पलीकडं आयुष्यात कधी गेलेले नव्हते, ते म्हणाले मॅडम मी जातो, घरचे पैसे घालतो, नंतर बघू. साधे कपडे घालायचे, बेड्या नाहीत, दोरी नाही, पोराला माणसासारखं न्यायचं. दोघं गेले. इटारसी, जबलपूर, सतना, प्रयागराज, दोन रात्री. पहिल्या रात्री हवालदार झोपलेच नाहीत, पोरगा पळेल म्हणून. दुसऱ्या रात्री ते इतके घोरले की पोरानं त्यांना उतरायच्या स्टेशनला हलवून उठवलं. चाचा, उठा, आलं, असं मराठीत.

तिथं मंडळाच्या ऑफिसात गेले तर कारकून म्हणाला, आमच्याकडं काहीच कागद नाही आलेला. माझे मेल गेले होते ते कुठल्या तरी बंद पडलेल्या आयडीवर. बरं, हवालदारांनी सोबतची फाईल पुढं केली. कारकुनानं उघडली. अहवाल मराठीत! आदेशाचा एक कागद तेवढा इंग्रजी, बाकी सगळं मी मराठीत लिहिलेलं, आणि मला ते सुचलंच नाही, वीस वर्षं अहवाल मराठीतच लिहितेय ना. आता गंमत बघा, लिपी तीच. कारकुनाला अक्षरं सगळी वाचता येतात, अर्थ लागत नाही. तो मोठमोठ्यानं वाचायला लागला, आणि मधे ळ आला की थांबायचा, हे काय अक्षर आहे म्हणून. हवालदारांना हिंदी येते ती आपली पोलीस ठाण्यातली, इधर आव, उधर बैठो. त्यांना भाषांतर कुठलं जमतंय.

मग भाषांतर केलं कुणी, तर त्या पोरानं.

तीन वर्षं इथं राहून त्याचं मराठी तयार झालेलं. कारकून वाचणार, ओळ संपली की पोरगा हिंदीत सांगणार, कारकून लिहून घेणार. स्वतःचाच अहवाल, स्वतःच्याच तोंडानं. आई दाराशी उभी, तिला रिचार्जवाल्यानं आणलेलं, सकाळपासून वाट बघत होती. पोरानं सगळं सांगितलं, तार चोरली ते सांगितलं, किती किलो ते सांगितलं, मुलगा हट्टी आहे ते पण सांगितलं, लड़का ज़िद्दी है, असं, मान वर करून. आणि मग कारकुनानं वाचलं, वडील व्यसनी असून कामधंदा करत नाहीत. पोरगा जरा थांबला. मग म्हणाला, पिताजी बीमार रहते हैं, इसलिए काम नहीं कर पाते.

हवालदारांना तेवढं हिंदी कळतं हो. त्यांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. पण बोलले नाहीत काही. कारकुनानं लिहून घेतलं, बीमार.

मला हे कधी कळलं, तर हवालदार परत आल्यावर, चहा पिताना. मी चिडलेच पहिल्यांदा. म्हटलं साहेब, सरकारी अहवाल आहे, पोरगं बदलून सांगतंय आणि तुम्ही गप्प? ते म्हणाले, मॅडम, ताबा देऊन झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो होतो, जेवल्याशिवाय सोडेनात. बाप खाटेवर होता. हाडं दिसत होती, आणि खोकत होता, दोन वाक्यं बोलला की खोकला. दारू कसली, त्याला पाणी गिळवत नव्हतं. पोरानं चुकीचं नाही सांगितलं. चूक तुमच्या कागदात होती.

मी काय बोलणार? ‘होगा’ ह्या शब्दाचा मी ‘आहे’ केला होता. ती ओळ तशीच गेली असती तर तिकडच्या पीओनं घरी पाऊल टाकायच्या आधीच ठरवलं असतं की बाप दारुडा, घर बिघडलेलं, पोरगा घरी ठेवण्यालायक नाही, आणि मग कुठल्या तरी संस्थेत टाकलं असतं. आपण म्हणतो फाईल पाठवली. पण फाईल पोचणं वेगळं आणि देखरेख पोचणं वेगळं. परत सांगते, फाईल पोचणं वेगळं, देखरेख पोचणं वेगळं. तिकडच्या पीओनं आधी घर बघून हो म्हटलं पाहिजे, मग पोरगा गाडीत बसला पाहिजे. कायद्यात विचारविनिमय असा शब्द आहे तो ह्याच्यासाठी आहे, आपल्याकडं त्याचा अर्थ एक मेल टाकला असा झालाय. अमेरिकेत राज्याराज्यांनी ह्यासाठी आपसात करार केलाय, पहिला १९५५ चा, नंतरचा २००८ पासून चालू, तिथं समोरच्या राज्यानं घराची पाहणी करून ४५ दिवसांत कळवायचं असं ठरलेलंय. तिथं सगळं गोड चाललंय असं मी म्हणत नाही, पण निदान तारीख तरी आहे. आपल्याकडं पोचवायला पंधरा दिवस दिलेत, समोरच्यानं उत्तर द्यायला किती, त्याचं काय? आणि कुणी ऐकत असेल वरचं तर माझी एक सूचना, प्रत्येक पीओला नोकरीत एकदा तरी जनरलच्या डब्यातनं परराज्यात पाठवा, तिथं उतरून एक घर शोधायला लावा. ट्रेनिंग-बिनिंग नंतर, आधी ते.

त्यानंतर मी फोन लावून लावून तिकडच्या पीओला गाठलंच. नवीन मुलगी होती, तिच्याकडं त्या वेळी सव्वा दोन तालुके आणि एक खटारा स्कूटी. ती गेली घरी. तिचा पहिला अहवाल तीन महिन्यांनी आला, हिंदीत, आणि आमच्या ऑफिसात सगळ्यांना वाचता आला, ह्याची मला जरा लाजच वाटली. लिहिलं होतं, बापाला टीबी आहे, सरकारी दवाखान्यातनं औषध चालू केलंय, पोरगा एका वायरमनच्या हाताखाली आहे. तांब्याची तार परत त्याच्या हातात आली म्हणायची. वर्ष पूर्ण झालं, आणि ह्या कायद्यात एक चांगलं आहे, असा आदेश झाला म्हणून पुढं नोकरीला-बिकरीला कुठं अपात्र ठरत नाही.

हां, हवालदारांचा भत्ता राहिला. आगाऊ म्हटलेलं ना मी. त्यांनी परत येऊन बिल टाकलं, सात महिने गेले, आणि मग अकाऊंटकडनं शेरा आला. लाल पेनात. जाताना दोन तिकिटं, येताना एकच तिकीट जोडलेलं दिसते, दुसऱ्या व्यक्तीबाबत खुलासा करावा. हवालदार ते पत्र घेऊन माझ्याकडं आले, म्हणाले मॅडम ह्याला काय लिहू? मी म्हटलं, जे आहे ते लिहा. त्यांनी तिथंच माझ्या टेबलावर बसून लिहिलं, दुसरी व्यक्ती तिच्या घरी आहे. सही, तारीख, बक्कल नंबर.

बिल मार्चएण्डला निघालं. वेळ झालीय, निवेदक ताई काचेपलीकडनं हात दाखवतायत. नमस्कार.